हातातून आग निघण्याआधी पायांत काय घडते

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या मालिकेत पाणी, माती, आग आणि हवा वळवणाऱ्या योद्ध्यांची लढण्याची पद्धत एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी दिसते; हा वेगळेपणा खऱ्या चिनी युद्धकलांमधून आला आहे की ते नुसते देखणे हातवारे आहेत, आणि स्वतःच्या ऍनिमेशनपटासाठी अशी एखादी काल्पनिक युद्धशैली रचायची झाल्यास त्या कलांमधून नेमके काय घ्यावे? मी ताई ची शिकवते आणि ऍनिमेशनच्या विद्यार्थ्यांबरोबर शरीराच्या हालचालींचा अभ्यासही करते, त्यामुळे दोन्ही अंगांनी उत्तर देते.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को या दोघांनी निर्माण केलेली ही मालिका 2005 ते 2008 या काळात निकलोडियन वाहिनीवर तीन पर्वांत दाखवली गेली. उत्तरी शाओलिन शैलीचे शिक्षक सिफू किसू हे तिचे युद्धकला-सल्लागार होते. लढाईचे प्रसंग प्रत्यक्ष करून त्यांचे चित्रीकरण केले जाई आणि तो व्हिडिओ समोर ठेवून ऍनिमेटर रेखाटन करत. पाण्यासाठी ताई ची, मातीसाठी हुंग गार, आगीसाठी उत्तरी शाओलिन आणि हवेसाठी बाग्वाझांग अशी वाटणी केलेली होती. शीर्षकदृश्यात चेहरे अंधारात ठेवलेले चार योद्धे एकामागून एक हालचाल करतात, तेव्हा जाणकार माणूस मूलतत्त्व पडद्यावर प्रकटण्याच्या आधीच शैली ओळखतो.

मात्र कोणत्या तत्त्वाला कोणती शैली जोडली याचा एवढा तक्ता पाठ केल्याने दुसऱ्या भागाचे उत्तर मिळत नाही. चिनी युद्धकलांच्या शेकडो शाखांमध्ये ठोसे, लाथा, पकडी या गोष्टी बऱ्याच अंशी सारख्याच आहेत. त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात त्या एका मूलभूत प्रश्नावर: बळ शरीरात कोठे जन्मते, कोणत्या वाटेने जाते आणि कोठे बाहेर पडते. या मालिकेच्या कर्त्यांनी प्रत्येक शैलीचे या प्रश्नाला असलेले उत्तर उचलले आणि बळ जिथे शरीराबाहेर पडते त्या टोकाला पाणी, दगड किंवा ज्वाळा ठेवली. म्हणून तिथली जादू शरीराच्याच हालचालीचा पुढचा टप्पा वाटते.

पाण्याचे उदाहरण जरा जवळून पाहू. ताई चीचा इतिहास हनान प्रांतातील चेन कुटुंबाच्या गावापर्यंत, सतराव्या शतकापर्यंत मागे नेता येतो. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान यांनी ती बीजिंगमध्ये नेली आणि आज बागांमधून दिसणारी, मोठ्या व संथ वर्तुळांची यांग शैली त्यांच्या घराण्यातून पसरली. या शैलीत ‘ढगांसारखे हात’ नावाची एक हालचाल आहे. वजन उजव्या पायावरून डाव्या पायावर सरकते, त्या सरकण्यामुळे कंबर वळते, कंबरेमुळे खांदा वळतो, कोपर त्याच्या मागे येते, मनगट कोपराच्याही मागे राहते आणि बोटे सर्वांत शेवटी पोहोचतात. हात स्वतःहून काहीच करत नाही. तो ओढला जातो. वजन डावीकडे पूर्ण येते न येते तोच उजवीकडचा प्रवास सुरू झालेला असतो, त्यामुळे हालचाल कुठेही थांबत नाही. ऍनिमेशनमध्ये ज्याला आपण ‘ड्रॅग’ आणि ‘ओव्हरलॅप’ म्हणतो, ते नेमके हेच आहे. मालिकेतील पाणी वळवणारी कतारा हाताने पाण्याचा पट्टा फिरवते तेव्हा तो पट्टा म्हणजे बोटांच्या पुढे जोडलेला आणखी एक सांधा असतो: कंबर, खांदा, कोपर, मनगट, बोटे आणि मग पाणी. पाणी बोटांच्या मागे राहते, हात दिशा बदलतो तरी ते क्षणभर जुन्याच दिशेने जाते आणि नंतर वळते. हा उशीर काढून टाकला तर तेच पाणी निळ्या काठीसारखे दिसेल.

ताई चीचा दुसरा गुण म्हणजे समोरून येणारे बळ न अडवता त्याला वाट करून देणे. दोन व्यक्तींनी मनगटाला मनगट लावून करायच्या सरावात हे शिकवले जाते: समोरचा ढकलतो, आपण मागच्या पायावर बसतो, कंबर वळवतो आणि त्याचेच बळ बाजूला नेऊन त्याच्याकडे परत पाठवतो. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात इरोह हा वृद्ध अग्नियोद्धा आपल्या पुतण्याला, झुकोला, विजेचा प्रहार परतवायला शिकवतो, तो प्रसंग याच सरावाचे चित्ररूप आहे. वीज एका हाताच्या बोटांतून आत घ्यायची, दंडातून खांद्यापर्यंत आणायची, तिथून खाली पोटात उतरवायची आणि दुसऱ्या हाताने बाहेर सोडायची. हृदयातून मात्र जाऊ द्यायची नाही. ही युक्ती आपण पाणी वळवणाऱ्यांचे निरीक्षण करून शोधली, असे इरोह सांगतो. बळाची वाट पोटातून जाते हा तपशील मला विशेष आवडतो, कारण ताई ची, बाग्वाझांग यांसारख्या चिनी ‘अंतर्गत’ शैलींमध्ये बेंबीच्या खालचा भाग हेच बळाचे कोठार मानले जाते आणि आमच्या वर्गातील नव्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त वेळ याच एका गोष्टीवर घालवावा लागतो. येथे एक खुलासा केला पाहिजे. ताई ची म्हणजे केवळ संथपणा, ही समजूत मालिकेने थोडी पक्की केली. जुन्या चेन शैलीत उसळून मारलेले प्रहार, उड्या आणि जमिनीवर जोराने पाय आपटणे हे सारे आहे.

मातीसाठी निवडलेली हुंग गार ही दक्षिण चीनमधील, ग्वांगडोंग प्रांतात नावारूपाला आलेली शैली असून वोंग फेइ-हुंग (1847–1925) हे तिचे सर्वांत प्रसिद्ध गुरू होत. ‘दक्षिणेच्या मुठी, उत्तरेच्या लाथा’ अशी एक चिनी म्हण आहे आणि हुंग गार तिच्या पहिल्या अर्ध्या भागाचा उत्तम नमुना ठरेल: पाय फार कमी उचलले जातात, मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर येतील इतका खोल घोड्याचा पवित्रा घेतला जातो, आणि नवशिक्याला ठोसा मारायला शिकवण्याआधी त्या पवित्र्यात उभे राहायलाच दीर्घकाळ लावले जाते. बळ टाचेतून वर येते आणि हाताच्या टोकाला एकदम थांबते. हे थांबणे ऍनिमेटरच्या कामाचे आहे. पाण्याच्या हालचालीत स्थिर चौकट ठेवली, म्हणजे एकच चित्र काही क्षण धरून ठेवले, की ती हालचाल मरते. मातीच्या हालचालीत स्थिर चौकट ठेवली नाही तर वजनच जाणवत नाही. ठोसा संपतो, शरीर काही चौकटी जागच्या जागी राहते आणि दगड त्यानंतर हलतो, म्हणजे दगड जड होता हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही.

याच तत्त्वाचा उपयोग मालिकेने कथेतही केला आहे. आंग हा नायक हवेच्या पद्धतीत वाढलेला, म्हणजे अडथळा आला की बाजूने निसटणारा. तो मातीची विद्या शिकू लागतो तेव्हा त्याची अडचण हातांची नसून पायांची असते. टोफ ही त्याची गुरू त्याच्याकडे मोठा धोंडा घरंगळत सोडते आणि जागेवरून हलू नकोस असे बजावते. तो ऐनवेळी उडी मारून बाजूला होतो. पुढे एका हिंस्र पशूसमोर मित्राला वाचवण्यासाठी तो ठाण मांडून उभा राहतो, तेव्हा कुठे त्याला माती वळवता येते. स्वभाव आणि पवित्रा यांचे हे नाते पटकथाकाराने आणि युद्धकला-सल्लागाराने एकाच टेबलावर बसून काम केल्याशिवाय सुचत नाही.

स्वतः टोफची शैली मात्र हुंग गार नाही. तिच्यासाठी चू गार, म्हणजे दक्षिणी मँटिस (मँटिस या कीटकाचे नाव असलेली) ही दक्षिण चीनमधील हाक्का समाजातील शैली घेतली. उत्तरेकडील मँटिस शैलीशी तिचे नाव सोडले तर फारसे नाते नाही. तिच्यात कोपरे अंगालगत ठेवली जातात, अंतर फार कमी असते, पावले आखूड असतात आणि स्पर्शातून प्रतिस्पर्ध्याचा हेतू ओळखण्यावर भर असतो. टोफ अंध आहे आणि जमिनीतील कंपने तळपायांनी टिपून ती जग ‘पाहते’. तेव्हा पाय कमीत कमी उचलणारी, जवळून लढणारी आणि स्पर्शावर विसंबणारी शैली तिला देणे ही केवळ विविधतेची हौस नव्हती. माझ्या मते संपूर्ण मालिकेतील ही सर्वांत नेमकी निवड आहे.

आगीबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण उत्तरी शाओलिनची लांब पल्ल्याची, उंच लाथांची आणि झेपांची भाषा आपण चित्रपटांत खूप पाहिलेली आहे. गु रुझांग हे 1929 साली उत्तरेची ही विद्या दक्षिणेत ग्वांगझौला घेऊन आलेल्या पाच नामांकित गुरूंपैकी एक. आज ‘उत्तरी शाओलिन’ या नावाने शिकवले जाणारे हातापायांच्या ठरावीक हालचालींचे दहा संच बहुतेक ठिकाणी त्यांच्या परंपरेतून आलेले असतात. हनानमधील शाओलिन मठाची स्थापना 495 सालची, पण मठाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या कथांपैकी बोधिधर्माने तिथल्या भिक्षूंना मुष्टियुद्ध शिकवले ही कथा तरी इतिहासकारांनी फार पूर्वी बाजूला ठेवली आहे, हे जाता जाता नमूद करते. मालिकेने या शैलीतून दोन गोष्टी उचलल्या. एक म्हणजे न थांबता पुढे जाणारे आक्रमण, ज्यामुळे अग्नियोद्धा सतत अंतर खात जातो. दुसरी म्हणजे श्वास: आगीचे बळ स्नायूंत नसून श्वासात आहे, असे इरोह सुरुवातीच्या भागातच झुकोला समजावतो. दगडाला जमीन लागते, पाण्याला जवळपास पाणी लागते, पण आग योद्ध्याच्या आतूनच येते; तिच्यासाठी शरीराबाहेरचा साठा नाही. म्हणून तिच्या मुळाशी श्वास ठेवणे तर्काला धरून आहे. रेखाटनातही आगीच्या प्रहाराची तयारी लांब ठेवतात आणि प्रत्यक्ष प्रहार दोन-तीन चित्रांत उरकतात.

हवेसाठी निवडलेली बाग्वाझांग ही चारही शैलींमध्ये सामान्य प्रेक्षकाला सर्वांत कमी परिचित आणि ऍनिमेटरला सर्वांत महाग पडणारी आहे. 1882 साली निवर्तलेल्या दोंग हायच्वान यांच्यापासून तिची परंपरा निश्चितपणे सांगता येते. हिचा मूळ सराव म्हणजे वर्तुळावर चालणे. गुडघे वाकलेले, पाऊल जमिनीला जवळजवळ घासत पुढे सरकणारे, छाती आणि तळहात वर्तुळाच्या केंद्राकडे वळवलेले आणि पाय मात्र परिघावर. म्हणजे चालताना धड कायम पिळलेले राहते. दिशा बदलताना पाऊल आत किंवा बाहेर वळवले जाते, पीळ उलगडतो आणि त्या उलगडण्यातूनच प्रहार निघतो. खऱ्या लढाईत याचा उद्देश पळ काढणे हा नसून प्रतिस्पर्ध्याच्या बगलेला किंवा पाठीशी पोहोचणे हा असतो. मालिकेने त्यातून अहिंसक भिक्षूंची लढाई घडवली: आंग वाऱ्यासारखा फिरत राहतो, समोरच्याचे प्रहार वाया जातात आणि दमतो तो प्रतिस्पर्धीच. पहिल्या पर्वात आग वळवणारा शत्रूसेनापती झाओ संतापून आगीचे लोळ सोडत राहतो, आंग नुसता चुकवत राहतो आणि शेवटी झाओच्या हातून त्याच्या स्वतःच्याच नौका जळतात. या लढतीत बाग्वाझांगचा आत्मा आहे, जरी तिथे एकही शास्त्रोक्त संच केलेला नसला तरी.

महाग का, तर वर्तुळात चालणाऱ्या आणि त्याच वेळी पिळलेल्या शरीराचा कोन प्रत्येक चित्रात बदलतो. सरळ रेषेतील ठोशात आधीच्या चित्रातील खांदे आणि पाय बरेचसे तसेच ठेवता येतात. येथे प्रत्येक चित्र नव्या यथार्थदर्शनात काढावे लागते. दूरचित्रवाणीच्या हाती काढलेल्या ऍनिमेशनमध्ये साधारणपणे सेकंदाला बारा चित्रे असतात आणि आंगचे एक पूर्ण वळण त्यातली निम्मी खाऊन टाकते. ताई चीची अडचण निराळी: संथ हालचालीत चित्रे एकमेकांच्या इतकी जवळ येतात की रेषेचा किंचितसा कंपही डोळ्यांत भरतो. जलद मारामारी रेखाटणे अवघड आणि संथ हालचाल सोपी, हा समज कामाला बसल्यावर पहिल्याच आठवड्यात गळून पडतो.

आपल्याकडच्या वाचकाला येथे एक विसंगती जाणवेल. चिनी परंपरेतील मूलतत्त्वे पाच आहेत: लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. त्यांत वायू नाही. पृथ्वी, जल, अग्नी, वायू ही मालिकेतील चौकडी ग्रीक विचाराशी आणि आकाश वगळल्यास आपल्या पंचमहाभूतांशी जुळते. शिवाय शिंगयी नावाची एक चिनी शैली अशी आहे की तिच्या पाच मूळ प्रहारांना ही पाच तत्त्वे परंपरेनेच जोडलेली आहेत. फोडणारा प्रहार धातूचा, खालून छेदत वर जाणारा पाण्याचा, उसळणारा अग्नीचा. निर्मात्यांनी तो तयार तक्ता वापरला नाही, आणि ते बरेच झाले, कारण शिंगयीचे पाचही प्रहार मुख्यतः थेट पुढे जाणारे असतात आणि अनभ्यस्त डोळ्याला जवळपास सारखेच दिसतात. परंपरेशी प्रामाणिक असणे आणि पडद्यावर वेगळे दिसणे यांत त्यांनी दुसरे निवडले.

ही सारी कल्पना 2005 साली आकाशातून पडली असेही नाही. हवेत तरंगत छपरांवरून धावणे, मर्मबिंदूला बोट लावून शरीर लुळे पाडणे (टाय ली हे पात्र हेच करते), तळहाताच्या वाऱ्याने दूरचा शत्रू पाडणे या गोष्टी चिनी वीरकथांमध्ये आणि रंगभूमीवर आधीपासून होत्या. 1960च्या दशकातील हाँगकाँगच्या चित्रपटांत तळहातातून निघणारे किरण फिल्मवर हातानेच काढलेले असत. शांघाय ऍनिमेशन स्टुडिओत वान लायमिंग यांनी 1961 ते 1964 या काळात दोन भागांत केलेल्या ‘हॅवॉक इन हेवन’मध्ये वानरराजाची चाल, त्याचे क्षणभर गोठून उभे राहणे आणि पुन्हा झेपावणे हे बीजिंग ऑपेराच्या झांजा-ढोलांच्या ठेक्यावर बसवलेले आहे. लढाईचे टायमिंग शिकू पाहणाऱ्याने हा चित्रपट आवाजासह आणि नंतर आवाज बंद करून पाहावा. ‘नारुतो’ या जपानी ऍनिमेशन मालिकेतील ह्यूगा घराण्याच्या लढतीतही बाग्वाझांगची वर्तुळे आणि उघडे तळहात सहज ओळखू येतात.

उलट उदाहरणेही तितकीच उपयोगी आहेत. याच कथेवर 2010 साली जिवंत नटांचा चित्रपट निघाला. त्यातील एका बदनाम प्रसंगात बरेच जण मिळून लांबलचक कवायत करतात आणि शेवटी एक बेताचा दगड संथपणे तरंगत जातो. त्या कवायतीतील पवित्रे वाईट नव्हते. चुकले ते कारण आणि परिणाम यांचे प्रमाण. शरीराने खर्च केलेले बळ आणि दगडाला मिळालेले बळ यांचा हिशोब जुळला नाही की प्रेक्षकाला नृत्य दिसते, लढाई दिसत नाही. मूळ मालिकेचा पुढचा भाग असलेल्या ‘द लेजंड ऑफ कोरा’मध्ये (2012–2014) प्रश्न वेगळा होता. तिथे काळ बदलला आहे, शहर उभे राहिले आहे आणि तत्त्वयुद्धाचा रिंगणातील खेळ झाला आहे, म्हणून सगळेच खेळाडू मुष्टियोद्ध्यांसारखे हात वर धरून, पायांवर नाचत लढतात. कथेच्या जगात हे पूर्ण पटण्यासारखे आहे. परंतु कोण पाणी वळवतो आणि कोण माती हे पाण्याचा आणि मातीचा रंग पाहिल्याशिवाय कळेनासे झाले, आणि माझ्यासारख्या प्रेक्षकाला ते नुकसान वाटते.

आता स्वतःची शैली रचण्याबद्दल. पात्राचा पोशाख आणि जादूचा रंग ठरवण्याआधी त्याचे वजन कुठे आहे हे ठरवावे: टाचांवर, चवड्यांवर, दोन्ही पायांत सारखे की सतत सरकते. त्यानंतर बळ सरळ जाते, वळसा घेते की पीळ उलगडून येते हे ठरवावे, आणि मगच त्या उत्तराशी जुळणारी खरी शैली शोधावी. शैलीचा एखादा जाणकार गाठून त्याला हालचाल संथ, वेगात आणि दमलेल्या अवस्थेत अशी तीनदा करायला सांगावी व समोरून, बाजूने आणि जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्याने चित्रित करावी. बहुतेक जण फक्त हातांचे चित्रण करतात आणि नंतर पाय अंदाजाने काढतात. चिनीच शैली हवी असाही आग्रह नाही. दांडपट्टा चालवणाऱ्याचे मनगट पोलादी मुठीच्या आत जखडलेले असते, म्हणून वार कोपर, खांदा आणि कंबर यांतून येतो आणि सारे शरीर गिरक्या घेते. कोल्हापुरातील मर्दानी खेळांच्या आखाड्यात हे समोर उभे राहून पाहता येते आणि बळाच्या वाटेचा वरचाच प्रश्न त्यालाही विचारता येतो. फक्त दांडपट्ट्याची गिरकी आणि ताई चीचा हात एकाच पात्राला देऊ नये, कारण दोघांची कंबर वेगळ्या कारणाने वळते.

प्राथमिक रेखाटन झाले की पाणी, ज्वाळा, धूळ यांचा एकही थर न लावता तो प्रसंग कथेची काहीच माहिती नसलेल्या दोघा-तिघांना दाखवावा आणि कोणता योद्धा कोणत्या तत्त्वाचा असेल ते विचारावे. उत्तरे चुकली तर परिणामांचे थर चढवण्यात वेळ घालवू नये. त्या पात्राच्या उभे राहण्यापासूनच पुन्हा सुरुवात करावी.